कुरळे केस आणि कोरडी हवा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

केस हा काय रेडिओवर बोलायचा विषय आहे, असं काही श्रोत्यांना वाटेल. मलाही तसंच वाटायचं. पण दोन वर्षांपूर्वी एका दुपारी माझी धाकटी मुलगी शाळेतून आली, ती दप्तरही न ठेवता न्हाणीघरात गेली आणि डोक्यावर पाणी ओतून केस चापूनचोपून बसवायला लागली. वर्गात बाईंनी सर्वांसमोर सांगितलं होतं, "उद्यापासून केस विंचरून येत जा." आता गंमत अशी, की ती रोज विंचरूनच जात होती. कोरड्या केसांतून कंगवा फिरवल्यामुळेच तिचे केस तसे पिंजारलेले दिसत होते. "आई, मला पार्लरमध्ये नेऊन सरळ करून आण," ती म्हणाली. वय वर्षं ११. तिचे केस माझ्यावर गेले आहेत, त्यामुळे ते वाक्य मला जरा जास्तच लागलं.

मी मूळची रत्नागिरीची. लग्नानंतर नागपूरला आले आणि इथल्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. माहेरी माझे केस फुगायचे, पण मऊ असायचे. इथे आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात त्यांचा काथ्या झाला. माहेरच्या पावसाळ्यात छान चाललेली जेलची बाटली मी इथे मे महिन्यात वापरली, तर केस चिकट झाले आणि कोरडेही राहिले. मी बाटलीला नावं ठेवली. खरं तर बाटली तीच होती, हवा बदलली होती. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईला हे कळायला इतकी वर्षं लागावीत, याची आज लाज वाटते.

आधी केसाची रचना पाहू. केसाच्या बाहेरच्या अंगाला अगदी सूक्ष्म खवले असतात, कौलारू छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक बसवलेले. सरळ केसावर ही कौलं घट्ट बसतात. कुरळ्या केसाला जिथे जिथे वळण असतं, तिथे ती थोडी उचलली जातात आणि आतला ओलावा निसटतो. त्यात टाळूतून पाझरणारं नैसर्गिक तेल सरळ केसावरून टोकापर्यंत सहज उतरतं, पण कुरळ्या केसाच्या वळणांत वरच्या वरच अडकतं. म्हणजे कुरळा केस मुळातच तहानलेला असतो. बाहेर पारा ४५ अंशांवर आणि हवा ठणठणीत कोरडी असली, की त्याची काय गत होणार?

आता त्या बाटलीकडे येऊ. तिच्या लेबलवर पाण्यानंतर दुसरंच नाव होतं ग्लिसरीनचं. ग्लिसरीन हे पाणी खेचून धरून ठेवणारं द्रव्य. मध, सॉर्बिटॉल, प्रॉपिलिन ग्लायकॉल ही त्याचीच भावंडं. दमट हवेत त्याला हवेतून भरपूर पाणी मिळतं. कोरड्या हवेत पाणीच नसेल, तर ते खेचणार काय? म्हणून कोकणात जे साधलं, ते नागपुरात फसलं. ग्लिसरीन वाईट नाही, थोडं असायला हरकत नाही. पण कोरड्या दिवसांत ते यादीत पहिल्या चार-पाच नावांत नसावं.

ही यादी वाचायला अवघड नाही. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे ज्या घटकाचं प्रमाण जास्त, त्याचं नाव आधी येतं. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक शेवटी, कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. बाटलीवर पुढच्या बाजूला बदामाचं चित्र असेल आणि बदाम तेलाचं नाव यादीच्या तळाशी असेल, तर काय समजायचं ते तुम्ही समजालच.

यादीत 'अल्कोहोल' शब्द दिसला, की अनेकजणी बाटली खाली ठेवतात. तिथे थोडं थांबावं. सिटाइल, स्टिअरिल, सिटेअरिल अल्कोहोल ही मेणासारखी स्निग्ध द्रव्यं आहेत. ती केस मऊ करतात, ती हवीतच. टाळायचं ते 'अल्कोहोल डिनॅट' म्हणजे स्पिरिट. ते भराभर उडून जातं आणि केस कोरडे ठेवतं. बऱ्याच हेअर स्प्रेमध्ये आणि काही जेलमध्ये ते वरच्या क्रमांकावर असतं. सिलिकॉनचीही उगाच भीती नको. डायमेथिकोनचा पातळ थर ओलावा रोखतो. मात्र तो साचत जातो, म्हणून अधूनमधून शाम्पूने नीट धुवायला हवा.

मग घ्यायचं काय? धुतल्यावर केसांतच ठेवायचं लीव्ह-इन कंडिशनर किंवा कर्ल क्रीम आधी. त्यात पाण्यानंतर ही स्निग्ध द्रव्यं, एखादं तेल किंवा बटर असावं. त्यावर वळण धरून ठेवायला थोडं जेल. एकदा दुकानात एका महागड्या क्रीमच्या यादीत मला 'गार्सिनिया इंडिका सीड बटर' असं भारदस्त नाव दिसलं. गार्सिनिया इंडिका म्हणजे आपलं कोकम! आजी थंडीत टाचांच्या भेगांना लावायची ते मुठेल. ओलावा कोंडून ठेवण्याचं त्याचं काम तेव्हाही तेच होतं. नारळाचं तेलही असंच आपलं. मुंबईतल्या संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती. केसांतल्या प्रथिनांची झीज फक्त खोबरेलाने कमी झाली, कारण ते केसाच्या आत शिरतं. मी ते न्हाण्याच्या आधी लावते.

जेलचा शोध मात्र सासूबाईंनी लावला. मी पातेल्यात काय ढवळते आहे ते पाहायला आल्या आणि म्हणाल्या, "अगं, चिकटच हवं ना तुला? मग जवस शिजव." विदर्भात जवसाच्या चटणीशिवाय पान वाढत नाहीत, पण हे मला सुचलं नव्हतं. दोन मोठे चमचे जवस एक कप पाण्यात मंद आचेवर ढवळत शिजवायचा. अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी तार आली, की गरम असतानाच कापडातून गाळायचा. गार झाला तर गाळलाच जात नाही. यात संरक्षक द्रव्य नसतं, म्हणून फ्रिजमध्ये ठेवून आठवड्यात संपवायचा.

काहीही लावा, पण केस पाण्याने निथळत असताना लावा. कोरड्या केसावर क्रीम लावलं, तर कोंडायला आत ओलावाच नसतो. गुंताही तेव्हाच, बोटांनी किंवा मोठ्या दातांच्या कंगव्याने सोडवा. टॉवेलने खसाखसा पुसू नका, जुन्या सुती कापडात केस दाबून पाणी टिपा. वाळल्यावर कंगवा लावायचा नाही. जेलने कडक झालेल्या बटा हाताने हलक्या चुरगाळल्या, की मोकळ्या होतात. उन्हात स्कार्फ बांधताना आत सॅटिनचा तुकडा ठेवावा, म्हणजे सुती कापड ओलावा शोषत नाही. नवीन वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून एक दिवस वाट पाहावी. आणि मृग बरसला, की पुन्हा लेबल पाहावं. एकच बाटली बारा महिने चालत नाही.

मी शाळेत जाऊन बाईंना भेटले. केस विंचरलेलेच असतात, ते असेच असतात, एवढंच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. लेकीने अजून केस सरळ केलेले नाहीत. पुढे कधी करावेसे वाटले, तर तो तिचा निर्णय. कुणी नावं ठेवली म्हणून मात्र ते होऊ नये. परवा दुकानात तिने एक बाटली उचलली, उलटी करून वाचली आणि परत ठेवली. "दुसरंच नाव ग्लिसरीन आहे, आई," ती म्हणाली, "ही पावसाळ्यात घेऊ."