वायपर चालू, दिवे चालू, गाडी उभी

जुन्या गाडीची वीज : भाग ६

मागच्या भागात बॅटरीबद्दल लिहिलं, तेव्हा एक प्रश्न राहून गेला होता. नवी बॅटरी घातली तरी गाडी महिन्याभरात पुन्हा धक्का मागते, ते का? बहुतेक वेळा बॅटरी निर्दोष असते. तिला भरणारा कमी पडत असतो. म्हणून आज अल्टरनेटर.

उदाहरण गावातलंच घेतो. जूचंद्रला आमच्या ओळखीच्या एका घरी कॉन्टेसा क्लासिक आहे, इसुझूच्या १.८ लिटर पेट्रोल इंजिनाची. हिंदुस्थान मोटर्सने कॉन्टेसा १९८४ मध्ये आणली, इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलच्या जुन्या साच्यावरून. सुरुवातीला तिला अँबॅसेडरचं दीड लिटरचं इंजिन होतं आणि एवढ्या अंगाच्या गाडीला ते पुरत नव्हतं. इसुझू आलं तेव्हा गाडीत जीव आला. लांब बॉनेट, रुंद खांदे, रस्त्यावर बसल्यासारखी ठेवण. मसल कार हा शब्द आपल्याकडे कुठल्या गाडीला शोभत असेल तर तो हिलाच, असं माझं ठाम मत आहे.

गेल्या जुलैत ही गाडी बापाण्याहून हायवेला लागली आणि वरसोवा पुलाच्या अलीकडे अडकली. संध्याकाळ, मुसळधार पाऊस, दिवे चालू, वायपर चालू, काचांवर वाफ धरते म्हणून एसीही चालू. पाऊण तासाने वायपर जड झाले, मग दिवे पिवळे पडले, मग इंजिन फुरफुरून बंद. चावी फिरवली तर नुसती टकटक. दुसऱ्या दिवशी गाडी ओढून आणली आणि चंडिका देवीच्या डोंगराच्या बाजूला एका वायरमनकाकांकडे लावली.

काकांनी बॅटरी चार्ज केली, गाडी चालू केली आणि मल्टिमीटर बॅटरीच्या दोन टोकांना लावला. १३.९ व्होल्ट. मालक म्हणाला, ‘‘काका, चार्जिंग तर आहे.’’ काकांनी हेडलाइट लावायला सांगितले: १३.१. वायपर: १२.७. एसी आणि ब्लोअर: १२.१. मालकाचा पाय आपसूक अ‍ॅक्सिलरेटरवर गेला. ‘‘रेस नको देऊ रे बाबा,’’ काका म्हणाले, ‘‘ट्रॅफिकमध्ये कुठे रेस देणार आहेस? आयडललाच बघू.’’

अल्टरनेटर निवडण्याचं सगळं शास्त्र मला त्या एका वाक्यात दिसतं.

अल्टरनेटर किती वीज देतो, हे तो किती वेगाने फिरतो यावर ठरतं. आत रोटर फिरतो, त्याच्या चुंबकामुळे भोवतालच्या स्टेटरच्या वाइंडिंगमध्ये उलटसुलट प्रवाह तयार होतो, आणि मागच्या प्लेटवरचे डायोड तो सरळ करून बॅटरीकडे पाठवतात. फेऱ्या कमी तर वीज कमी. जुन्या डायनामोची अवस्था याहून बिकट होती. ब्रिटिश गाड्यांत सर्रास दिसणारा लुकासचा सी-४० डायनामो भर वेगातही २२ अँपिअरच द्यायचा आणि आयडलला जवळजवळ काहीच नाही. जुन्या फियाटमध्ये सिग्नलला थांबलं की चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणायचा, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. अमेरिकेत क्रायस्लरने १९६० च्या व्हॅलियंटमध्ये अल्टरनेटर दिला. फोर्डची मस्टँग एप्रिल १९६४ मध्ये बाजारात आली ती डायनामो घेऊनच, आणि त्याच वर्षी ऑगस्टपासूनच्या गाड्यांना अल्टरनेटर बसू लागला. म्हणून पहिल्या काही महिन्यांची मस्टँग ओळखायची तर जाणकार आधी बॉनेट उघडून डायनामो शोधतात.

आता आपल्या कॉन्टेसाचा हिशेब. वरसोव्याला उभी असताना ती किती वीज खात होती? दोन हॅलोजन, डिमवर, ८ अँपिअर. पार्किंगचे, मागचे आणि डॅशबोर्डचे दिवे मिळून ३. इग्निशन कॉइल ४, वायपर ४. एसीचा ब्लोअर ८, कंप्रेसरचा क्लच ४, कंडेन्सरवर नंतर बसवलेला इलेक्ट्रिक पंखा १०. ट्रॅफिकमध्ये पाय सतत ब्रेकवर, म्हणजे ब्रेकलाइटचे ३, गाण्यांचे २. बेरीज ४६. तिच्यावरचा जुना अल्टरनेटर आयडलला जेमतेम १५ देत होता. उरलेले ३१ अँपिअर बॅटरीतून जात होते, आणि चार वर्षांची बॅटरी त्या वेगाने किती टिकणार! असा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय कुणीही दुकानात जाऊ नये. आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण अंदाज येतो.

दुकानदार ‘‘साठचा घ्या, सत्तरचा घ्या’’ म्हणतो. तो आकडा अल्टरनेटर मिनिटाला ६००० फेऱ्या घेत असतानाचा असतो. काही अल्टरनेटरांवर दोन आकडे छापलेले असतात, उदाहरणार्थ ४०-७०. त्यातला लहान आकडा आयडलच्या आसपासचा, अल्टरनेटरच्या १५०० ते १८०० फेऱ्यांचा. मुंबईच्या बाजूला गाडी चालवणाऱ्याने तो लहान आकडाच वाचावा. पावसाळ्यात आपण त्या आकड्यावर जगतो.

या फेऱ्या इंजिनाच्या नव्हेत, अल्टरनेटरच्या. दोघांमध्ये पुली असते. क्रँकची पुली १४० मिलिमीटरची आणि अल्टरनेटरची ७० ची असेल, तर इंजिनाच्या ८०० फेऱ्यांना अल्टरनेटर १६०० फिरतो. अल्टरनेटरला ५८ ची पुली घातली की तोच १९०० च्या वर जातो, आणि त्या टप्प्यात प्रत्येक शंभर फेऱ्यांनी अँपिअर वाढतात. काकांनी तेच केलं. मात्र पुली फार लहान झाली की पट्ट्याची पकड कमी होते, पट्टा घसरतो आणि थंड इंजिनावर किंचाळतो. पट्टा घसरतोय म्हणून कुणी तो ताणून ठेवला की बेअरिंग जातं. ७० अँपिअर म्हणजे साधारण एक किलोवॉट. अल्टरनेटरच्या आतला नाश धरला तर इंजिनाकडून तो दोन-अडीच अश्वशक्ती ओढतो, आणि सगळी त्या एका व्ही-पट्ट्यावरून. म्हणून साध्या एकेरी पट्ट्यावर ७०-८० च्या पुढे जाऊ नये, असं मी सांगतो. शंभर-सव्वाशेचे अल्टरनेटर बसवून मिरवणारे मी पाहिलेत आणि तासाभरात पट्टा काळा पडलेलाही पाहिलाय.

माल कुठून आणायचा? नवा मिळाला तर उत्तम. नाहीतर कुर्ल्याचा सीएसटी रोड आहेच. पण तिथे उभं राहून तीन गोष्टी डोळ्यांनी बघा. पहिली, मागच्या बाजूला व्हॅक्यूम पंप आहे का? डिझेल गाड्यांच्या बऱ्याच अल्टरनेटरांना ब्रेकच्या बूस्टरसाठी पाठीवर पंप जोडलेला असतो आणि त्याला इंजिनातून ऑइल लागतं. पेट्रोल गाडीवर तो तसाच लावला तर कोरडा फिरून जाम होतो. असा एक अल्टरनेटर मीही एकदा स्वस्तात घेऊन आलो होतो. चार दिवसांत शाफ्टच अडकला आणि पट्टा तुटला. दुसरी, तो १२ व्होल्टचाच आहे ना? ट्रक-बसचे २४ व्होल्टचे अल्टरनेटर दिसायला दणकट असतात आणि लोक दिसण्याला भुलतात. तिसरी, फार अलीकडच्या गाडीचा नको. हल्ली किती व्होल्ट द्यायचे हे गाडीचा कॉम्प्युटर अल्टरनेटरला सांगतो. कॉन्टेसात असा सांगणारा कुणी नाही. नव्वदच्या दशकातल्या मारुतीसारख्या गाड्यांचे, रेग्युलेटर पोटातच असलेले अल्टरनेटर या कामाला सगळ्यांत सरळ. ब्रॅकेटचे कान, बोल्टांमधलं अंतर आणि पुलीची रेघ जुळवण्यासाठी जुना अल्टरनेटर पिशवीत घालूनच न्या. पुली दोन-तीन मिलिमीटर जरी पुढेमागे झाली तरी पट्टा कडेने सोलत जातो.

अल्टरनेटर मोठा केला आणि वायर जुनीच ठेवली तर पैसे गेले. ७० अँपिअर ४ चौरस मिलिमीटरच्या दीड मीटर वायरमधून नेले तर वाटेतच जवळपास अर्धा व्होल्ट पडतो आणि वायर गरम होते. काकांनी १६ ची घातली आणि बॅटरीजवळ फ्यूज दिला. जुन्या जीपसारख्या गाडीत डॅशबोर्डवर अँमीटर असेल तर सगळा चार्जिंगचा प्रवाह त्याच्यातूनच जातो, आणि ३० च्या अँमीटरमधून ६० नेले तर डॅशबोर्डच्या मागे आग लागू शकते. तो बायपास करून व्होल्टमीटर लावावा, जुन्या रूपाचा कितीही मोह असला तरी. आणि चार्जिंगच्या दिव्याचा बल्ब उडालेला ठेवू नका. बऱ्याच अल्टरनेटरांना सुरुवातीचं चुंबकत्व त्या बल्बमधून येणाऱ्या प्रवाहाने मिळतं. बल्ब नाही तर चार्जिंग सुरूच होत नाही, आणि माणूस उगाच अल्टरनेटर बदलत बसतो.

आमच्या बाजूची एक खास गोष्ट. जूचंद्र-नायगावला चहूकडे खाडी आणि मिठागरं. खारी हवा तांब्याला सोडत नाही. या कॉन्टेसाची इंजिन ते चेसिस अर्थिंगची पट्टी वरून धड दिसत होती. काकांनी नट सोडला तर खाली हिरवी पूड, चिमटीत आली. सगळा लोड चालू ठेवून इंजिनाचा ब्लॉक आणि बॅटरीचं ऋण टोक यांच्यात मीटर लावला तेव्हा ०.७ व्होल्ट पडत होते. ०.२ च्या वर जाता कामा नये. पत्रा घासून नवी पट्टी, वर ग्रीस, आकडा ०.१ वर आला.

मग ६५ चा अल्टरनेटर चढला. पुन्हा तीच परीक्षा, रेस न देता: दिवे, वायपर, ब्लोअर, एसी, ब्रेकवर पाय. काकांनी डीसीचा क्लॅम्प मीटर बॅटरीच्या केबलभोवती धरला. काटेकोर आयडलला बॅटरीतून ५ अँपिअर अजून जात होते. एसी लागल्यावर आयडल ९०० ला धरेल असं जुळवलं आणि आकडा उलटला, २ अँपिअर बॅटरीत यायला लागले. मालकाने गाडी बंद केली, पुन्हा चालू केली, पुन्हा तोच आकडा बघितला.

पुढच्या आठवड्यात: हेडलाइटला रिले का लावावा.