श्रद्धेने माणूस बदलतो? 'स्मृतिचित्रे'ची साक्ष

ख्रिस्ती श्रद्धेने मन शांत होते, हे प्रवचनात ऐकून पटत नाही, साक्षीदार लागतो. माझ्या मते मराठीतला सर्वांत विश्वासार्ह साक्षीदार म्हणजे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक. १८९५ साली पती नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांचा संसार मोडला. त्या काही काळ वेगळ्या राहिल्या, मग सोवळेओवळे सांभाळतच परतल्या. ते बंधन हळूहळू गळाले आणि १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. इतकी सावकाश आलेली श्रद्धा मला अधिक खरी वाटते.

कोणी म्हणेल, धर्मांतर लाभासाठी असते. टिळकांनी तर नातलग आणि समाजातले स्थान गमावले. १९१७ मध्ये मिशनची नोकरीही सोडली. दुसरा आक्षेप वजनदार आहे: टिळकांचा तापटपणा कुठे गेला? पूर्ण गेला नाही, आणि लक्ष्मीबाई तो लपवतही नाहीत. शांती म्हणजे स्वभाव पुसला जाणे नव्हे. जिवाला आधार सापडला की माणूस इतरांसाठी मोकळा होतो. ही शांती फक्त ख्रिस्ती माणसालाच मिळते, असा दावा मी करत नाही. खुद्द टिळक तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आले. 'स्मृतिचित्रे' एकदा मुळातून वाचाच.