माकडताप : पातेऱ्यात दडलेला धोका

कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात १९५७ साली प्रथम आढळलेला माकडताप २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात पोहोचला. हा विषाणू गोचिडांमार्फत पसरतो. रुग्णाकडून दुसऱ्यास लागण होत नाही, म्हणून शुश्रूषा करताना भिऊ नये. गोचिडांची वाढ उष्णता व आर्द्रतेवर अवलंबून असल्याने बदलत्या ऋतुमानात त्यांचा वावर नव्या भागांतही वाढू शकतो.

ऐन काजूच्या हंगामात गोचिडांची बारीक पिल्ले पातेऱ्यात दबा धरून असतात. बागेत जाताना अंगभर कपडे घालावेत. परतल्यावर ते गरम पाण्यात भिजवून साबणाने स्नान करावे. ज्येष्ठांची नजर अधू असल्यास मान, काखा, कानामागील जागा घरच्यांनी तपासावी. चिकटलेली गोचीड न चिरडता, चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावी. मेलेले माकड दिसल्यास जवळ न जाता आरोग्य केंद्रास कळवावे.

एकाएकी थंडीताप, तीव्र डोकेदुखी व अंगदुखी सुरू झाल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि रानात गेल्याचे आवर्जून सांगावे. या तापात रक्तस्राव होऊ शकतो. त्यामुळे वेदनाशामक गोळी आपल्या मनाने घेऊ नये. रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास तेही सांगावे. उतरलेला ताप एक-दोन आठवड्यांनी काहींना पुन्हा येतो. तोवर आपल्या माणसाकडे लक्ष असू द्यावे.