हात पुन्हा वर जाईपर्यंत

लेखमाला : आजारानंतरचे दिवस — लेखांक 6

मागच्या आठवड्यात आपण स्तनाच्या ऑपरेशनमध्ये नेमकं काय काढतात, ते पाहिलं. आजचा लेख दवाखान्यातून घरी आल्यानंतरच्या दिवसांचा आहे. वडवणी तालुक्यातल्या बाईचं ऑपरेशन बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयात झालेलं असो, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात असो की मुंबईला टाटात, काही दिवसांत ती घरी येते. पुढचं सगळं बरं होणं घरात, शेतात, तांड्यावर घडतं. टाके निघाले, जखम सुकली, की घरच्यांना वाटतं सुटलो एकदाचे. खांदा आणि मन यांचं दुखणं मात्र तेव्हा कुठे सुरू झालेलं असतं, आणि ते दिसत नसल्यामुळे त्याची विचारपूस करायला फारसं कुणी येत नाही.

आधी नळीचं बघू, कारण घरी आल्यावर पहिली भीती तिचीच असते. काखेखालून एक बारीक नळी बाहेर काढलेली असते आणि तिच्या टोकाला प्लास्टिकचा डबा असतो. आत साचणारं पाणी त्यात ओढलं जातं. सुरुवातीला ते लाल असतं, मग पिवळसर होत जातं. रोज एकाच वेळी मोजायचं आणि वहीत लिहायचं. शाळेत जाणारी नात हे काम चोख करते. चोवीस तासांतलं पाणी साधारण 30 मिलिलिटरच्या खाली आलं की डॉक्टर नळी काढतात. कुणाची आठवड्यात निघते, कुणाची दोन-तीन आठवडे राहते. डबा रिकामा केल्यावर तो दाबून धरायचा आणि दाबलेला असतानाच बूच लावायचं, नाहीतर तो पाणी ओढत नाही. लोंबकळू देऊ नये. लहान पिशवीत घालून पदराआड कंबरेला बांधावा. नळी निघाल्यावरही काहींच्या छातीच्या कातडीखाली पाणी साचून मऊ फुगवटा येतो. तो डॉक्टरच सुईने काढतात. घरी दाबायचा नाही, शेकायचा तर मुळीच नाही.

शेकण्याचा मुद्दा जरा थांबून सांगायला हवा. काखेतल्या गाठी काढताना तिथली एक संवेदनेची नस बहुतेकदा कापली जाते किंवा ताणली जाते. त्यामुळे दंडाची आतली बाजू बधिर होते. काहींना ती कायम बधिर राहते. त्या जागी गरम विटेचा किंवा गरम पाण्याच्या पिशवीचा शेक दिला तर कातडी भाजते आणि बाईला पत्ताही लागत नाही. चुलीपुढे भाकरी भाजतानाही त्या बाजूचा दंड विस्तवाजवळ जात नाही ना, हे डोळ्यांनी पाहावं लागतं.

आता हात. बहुतेक घरांत मायेपोटी उलटंच होतं. आई म्हणते, हलवू नको गं, टाके तुटतील. बाई हात पोटाशी धरून बसते, महिनाभर तसाच ठेवते आणि खांदा गोठतो. खरं पाहता ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवसापासून हाताला काम द्यायचं असतं. मूठ आवळायची, सोडायची. मनगट फिरवायचं. कोपर वाकवायचं, सरळ करायचं. नळी असेपर्यंत हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, एवढीच मर्यादा. नळी निघाली आणि डॉक्टरांनी हो म्हटलं की भिंतीचा व्यायाम सुरू होतो. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, ऑपरेशनच्या बाजूचा पंजा भिंतीला टेकवायचा आणि बोटांनी मुंगीसारखं वर चढत जायचं. जिथे ताण बसतो तिथे थांबून दोन-तीन श्वास घ्यायचे, तसंच हळू खाली यायचं. पोहोचलं तिथे कोळशाची रेघ मारायची. असं दिवसातून तीन-चार वेळा. ताण बसायला हवा, कळ यायला नको. रेघ रोज वर सरकत नाही. कधी चार दिवस तिथेच असते, तरी सोडायचं नाही. पुढे स्वतःच्या हाताने वेणी घालायची, मग पाठीमागे हात नेऊन ब्लाऊजची गाठ बांधायची. एवढं जमलं म्हणजे खांदा बऱ्यापैकी मोकळा झाला.

याला वेळेची अटही आहे. ज्यांना पुढे लाईट घ्यायची असते, म्हणजे रेडिएशन, त्यांना मशीनखाली हात डोक्याच्या वर नेऊन स्थिर झोपावं लागतं. हात वर जात नसेल तर नीट नेम धरता येत नाही आणि उपचार लांबतो. म्हणून भिंतीवरच्या त्या रेघा उपचाराचाच भाग आहेत.

काखेपासून कोपराकडे कातडीखाली सुतळी ताणल्यासारखी दिसू लागली, हात वर नेताना ओढू लागली, तर त्यालाही भिऊ नये. ऑपरेशननंतर काही आठवड्यांत अनेकींना असं होतं. ताणाच्या व्यायामाने बहुतेकदा काही महिन्यांत ते जातं.

या ऑपरेशनने हात कायमचा निकामी होतो, असा समज आपल्याकडे अजून पक्का आहे. तो अगदीच हवेतून आलेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत विल्यम हॉलस्टेड यांनी रूढ केलेल्या पद्धतीत स्तनाबरोबर छातीचे मोठे स्नायूही काढत, आणि कित्येक दशकं जगभर तसंच चाललं. 1971 पासून बर्नार्ड फिशर यांनी हजारो रुग्णांवर तुलनात्मक चाचण्या केल्या. जास्त कापल्याने बाई जास्त जगत नाही, हे त्यांतून सिद्ध झालं. आज ते स्नायू जागेवर ठेवतात, आणि गाठ लहान असताना बाई आली तर कित्येकदा स्तनही वाचवतात. कुणाच्या आजीचा हात गेला असेलही, पण नातीचा जायचं कारण नाही.

हाताला सूज येण्याचा धोका मात्र खरा आहे आणि तो आयुष्यभर राहतो. हातातलं जादा पाणी काखेतल्या रसग्रंथींमधून परत शरीरात जातं. त्या काढल्या की वाट अरुंद होते, आणि चारीचं तोंड बुजल्यावर पाणी मागे तुंबावं तसं हातात तुंबतं. काखेतल्या बऱ्याच गाठी काढलेल्या साधारण पाच जणींपैकी एकीला ही सूज येते. कधी दोन महिन्यांनी, कधी दोन-चार वर्षांनी. पहिली खूण बांगड्याच सांगतात. काल सहज फिरणारी बांगडी आज रुतायला लागली, हात जड वाटू लागला, की समजावं. शिंप्याच्या टेपने दोन्ही हात महिन्यातून एकदा मोजावेत. मनगटाला, कोपराच्या चार बोटं खाली आणि चार बोटं वर. दोन हातांतला फरक पहिल्यापेक्षा दोन सेंटिमीटरने वाढला तर फिजिओथेरपिस्टला गाठावं. सूज सुरुवातीला धरली तर पट्ट्या, घट्ट बाही आणि विशिष्ट हलका मसाज यांनी आटोक्यात राहते. तेल लावून जोरात चोळल्याने वाढते. आणि हात लाल, गरम होऊन ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. तो जंतुसंसर्ग असतो आणि त्याला गोळ्या-इंजेक्शन लागतातच.

शहरातल्या पुस्तिकांमध्ये या हाताला जपा, खरचटू देऊ नका, ओझं उचलू नका, असं लिहिलेलं असतं. वडवणीच्या बाईने ते वाचून करायचं काय? ऊसतोडीत डाव्या हाताने ऊस कवटाळायचा, वाकून बुडाशी कोयता घालायचा, शेंड्याचं वाढं तोडायचं आणि टाकायचा, हे पहाटेपासून. उसाच्या पात्याची कड धारदार असते, ऊस धरणारा हात कोपरापर्यंत ओरखड्यांनी भरतो. मग मोळी बांधून डोक्यावर घ्यायची आणि फळीवरून ट्रकवर चढायचं. मोळी सहज तीस-चाळीस किलोची. ऊस सोडून कापूस वेचायला गेली तर बोंडाच्या टोकांनी बोटं फाटतात. हात जपणं आणि पोट भरणं यांची इथे समोरासमोर गाठ पडते.

मला यात दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली अशी की ओझं कधीच उचलू नये, हा जुना सल्ला आता तसा राहिलेला नाही. अमेरिकेत कॅथरीन श्मिट्झ यांनी सूज असलेल्याच 141 स्त्रियांवर केलेला अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. देखरेखीखाली अगदी हलक्या वजनापासून सुरुवात करून हळूहळू वजन वाढवणाऱ्या गटात सूज वाढली तर नाहीच, उलट ती भडकण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. म्हणजे हात वापरायचा, पण पायरीपायरीने. आधी तांब्या, मग कळशी, मग अर्धी बादली. दुसऱ्या दिवशी हात जड झाला तर एक पायरी खाली. दोन महिने हात पोटाशी आणि एकसष्टाव्या दिवशी मोळी, हेच सगळ्यात घातक. खुरपायला-वेचायला जाताना जुन्या शर्टाच्या लांब बाह्या आणि हातमोजे घालावेत, ओरखडा निघाला तर साबणाने धुऊन मलम लावावं. रक्तदाब मोजायला आणि सुई टोचायला शक्यतो दुसरा हात पुढे करावा.

दुसरी गोष्ट उचलीची. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि मुकादमाकडून उचल घेतली जाते ती जोडीच्या नावावर. ऑपरेशननंतर बहुतेकींना केमो असते, ती बऱ्याचदा दर एकवीस दिवसांनी आणि कित्येक महिने. नंतर लाईटचे काही आठवडे. कारखान्यांचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो. हे दोन्ही एका वेळी निभत नाही. म्हणून उपचाराचं पूर्ण वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहून घेतल्याशिवाय त्या वर्षीची उचल घेऊ नका. घेतली असेल तर मुकादमाला आधीच सांगा, गावातली दोन माणसं सोबत न्या. उचल फेडायला उपचार अर्धवट टाकून कोल्हापूर-कर्नाटकाकडे निघालेल्या बाईचं पुढे काय होतं, ते या भागाला वेगळं सांगायला नको. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या सुमारे 82 हजार ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा 13 हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. मोठं ऑपरेशन करून विश्रांतीशिवाय फडात उभं राहणं इथे नेहमीचं होऊन बसलं आहे, आणि म्हणूनच ते पुन्हा होऊ द्यायचं नाही.

मनाचं बोलू. पहिल्यांदा पट्टी निघते तेव्हा बहुतेक जणी मान फिरवतात. बघायची घाई नको, पण बघणं कायमचं टाळूही नये. आधी आंघोळ करताना हाताने व्रण चाचपावा, मग कधीतरी आरशात. सोबत बहीण किंवा मुलगी असेल तर बरं. नसलेला स्तन खाजतो, दुखतो असंही काहींना वाटतं. हा वेडेपणा नाही. कापलेल्या नसा मेंदूला अजून निरोप पाठवत असतात. रडू येणं, चिडचिड, नवऱ्याजवळ जायची लाज, हळदी-कुंकवाला जायला नको वाटणं, हे सगळं होतं. ही दुःखाची वाट आहे आणि तिला वेळ लागतो. पण दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, जेवण नाही, कशातच मन नाही किंवा मरण बरं असं मनात येऊ लागलं, तर ते औषधाने आणि बोलण्याने बरं होणारं दुखणं समजावं. 14416 हा सरकारचा टेलि-मानस क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

घरातल्यांसाठी दोन शब्द. कॅन्सर ताटातून, अंथरुणातून, मिठीतून लागत नाही. तिचं ताट वेगळं काढणाऱ्या घरात बाई आधी मनाने खचते. सासूबाईंनी एकदा तिच्या ताटात जेवून दाखवलं तर शंभर समजुतींचं काम होतं. नवऱ्यानेही गप्प राहू नये. तिला लाज वाटते म्हणून तो लांब झोपतो, आणि तिला वाटतं त्याला किळस आली. व्रण बघू का, एवढंच विचारलं तरी पुष्कळ. जवळ यायला वैद्यकीय अडचण नाही. फक्त केमो चालू असताना आणि टॅमॉक्सिफेनच्या गोळ्या चालू असताना दिवस राहू नयेत, त्यासाठी कोणतं साधन वापरावं ते डॉक्टरांना विचारावं. गर्भनिरोधक गोळ्या मात्र चालत नाहीत.

ब्लाऊजचा प्रश्न लहान वाटतो, पण गर्दीत जायचं की नाही हे कित्येकदा त्याच्यावर ठरतं. सिलिकॉनचा कृत्रिम स्तन महाग पडतो आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात घामाने नकोसा होतो. सुती दोऱ्याने विणलेले हलके स्तन मिळतात. काही सेवाभावी संस्था ते मोफत देतात, दवाखान्यातल्या समाजसेवकाला विचारावं. ते मिळेपर्यंत घरच्या घरी मऊ सुती कापडाची गोल पिशवी शिवून कापूस भरावा, वजन यावं म्हणून मधे थोडी बाजरी घालावी आणि ब्लाऊजला आतून खिसा लावून त्यात ठेवावी. जखम पूर्ण भरल्यावरच, आणि रोज धुऊन-वाळवून. वजन हवंच, कारण एका बाजूचा भार गेल्याने खांदा झुकतो आणि पाठ धरते. ज्यांना काहीच लावायचं नाही, त्यांचंही बरोबर आहे.

पैशांचं थोडक्यात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटावं. एसटीत कॅन्सर रुग्णाला प्रवासभाड्यात सवलत आहे, त्यासाठी दवाखान्याचा दाखला लागतो. कॅन्सरमुळे कमाई थांबलेल्या गरीब बाईला संजय गांधी निराधार योजनेतून दरमहा अनुदान मिळू शकतं. अर्ज वडवणीच्या तहसीलमध्येच होतो. डिस्चार्ज कार्ड आणि गाठीचा तपासणी अहवाल यांच्या चार झेरॉक्स काढून ठेवाव्यात, मूळ कागद कुणाला देऊ नये.

उरलेल्या स्तनाची वर्षातून एकदा मॅमोग्राफी करायची, आणि छातीवर, काखेत किंवा मानेत नवीन गाठ हाताला लागली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवायचं. तिच्या बहिणी आणि मोठ्या मुली यांनीही डॉक्टरांकडून एकदा तपासून घ्यावं आणि पुढे किती दिवसांनी यायचं ते विचारावं. केमोत केस, तोंड आणि जेवण यांचं काय करायचं, ते पुढच्या आठवड्यात.