दम्याची खतावणी

दमा हा रोग मोठा फसवा आहे. ज्वर आला म्हणजे अंग तापतें, हाड मोडलें म्हणजे तें उघड दिसतें. परंतु दमेकरी मनुष्य दुपारीं डॉक्टरांकडे जातो, तेव्हां त्याचा श्वास पुष्कळदां अगदीं सुरळीत चाललेला असतो. आदल्या रात्रीं तीन वाजतां तो लोडाला टेकून बसला होता, हें डॉक्टरांनीं पाहिलेलें नसतें. आणि संवयीमुळें रोग्यालाही त्याचें कांहीं वाटेनासें झालेलें असतें. म्हणून या रोगांत एका भेटीपेक्षां वर्षभराच्या हिशेबाला महत्त्व अधिक. हा हिशेब ठेवण्याचें काम कांहीं देशांत संगणकाकडे सोंपविण्यांत आलें आहे. त्यापासून आपल्या घरांनीं काय घ्यावें, याचा येथें विचार करूं.

प्रथम औषधांविषयीं. दम्यांत श्वासनलिका आंतून सुजतात आणि त्यांच्या भोंवतालचे स्नायू आंवळले जातात. १९६९ सालीं प्रचारांत आलेलें साल्ब्युटॅमॉल स्नायू सैल करतें व कांहीं मिनिटांतच दम मोकळा होतो. सूज मात्र तशीच राहते. ती उतरविणारें बेक्लोमेथॅसोन १९७२ च्या सुमारास पंपांतून मिळूं लागलें. पण तें नित्य घ्यावें लागतें आणि त्याचा गुण तत्काळ जाणवत नाहीं. साहजिकच मनुष्य पहिल्या पंपावर विसंबतो आणि दुसरा फडताळांत पडून राहतो. धूर झाला म्हणून खिडकी उघडावी आणि चूल तशीच धुमसत ठेवावी, त्यांतलाच हा प्रकार!

याचा परिणाम कोठवर जातो, हें ब्रिटनमधील एका चौकशीनें दाखविलें. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनें २०१४ सालीं दम्यानें झालेल्या १९५ मृत्यूंचा अहवाल प्रसिद्ध केला. तात्पुरता आराम देणारे पंप वापरणाऱ्यांपैकीं १६५ जणांच्या चिठ्ठ्यांची संख्या उपलब्ध होती. त्यांतील ६५ जणांना मृत्यूपूर्वींच्या वर्षांत १२ हून अधिक, तर सहा जणांना ५० हून अधिक पंप लिहून दिले गेले होते. एका पंपांत साधारणतः २०० मात्रा असतात. म्हणजे बारा पंप संपविणारा मनुष्य रोज सहा-सात वेळां औषध ओढीत असतो. प्रत्येक चिठ्ठी सुटी पाहिली तर निरुपद्रवी. बेरीज मात्र कोणीच केली नव्हती.

ही बेरीज संगणकानें करावी, अशी शिफारस त्या अहवालांत आहे. ब्रिटनमध्यें रोग्याची हकीकत व चिठ्ठ्या कुटुंबाच्या डॉक्टरांच्या संगणकांत एकत्र असतात. त्यामुळें आणखी एक पंप लिहूं जातां, वर्षांतील हा कितवा आणि सूज उतरविणारा पंप शेवटीं केव्हां नेला, हें यंत्र तेथेंच दाखवूं शकतें. २०१९ सालीं ‘जिना’ या जागतिक मंडळानेंही प्रौढांना व किशोरवयीनांना केवळ तात्पुरत्या पंपावर ठेवूं नये, असें स्पष्ट सांगितलें.

मग यंत्र आणलें कीं काम झालें काय? तसें नाहीं. ईशान्य इंग्लंडमधील ६० दवाखान्यांत अशा संगणकीय मार्गदर्शनाची परीक्षा झाली व तिचा निष्कर्ष २००२ सालीं प्रसिद्ध झाला. उपचारांत वा रोग्यांच्या प्रकृतींत लक्षांत घेण्याजोगा फरक पडला नाहीं, कारण डॉक्टरांनीं त्या साधनाचा उपयोगच फारसा केला नाहीं. शिवाय पंप ओढण्याची रीत चुकते आहे काय, किंवा ‘पंपाची संवय लागते’ या भीतीनें औषध टाळलें जात आहे काय, हें बेरजेंत उमटत नाहीं. नवी सून सासरच्या मंडळींपासून पंप लपवीत असेल, तर तें कोणत्या यंत्राला कळणार? तें आपुलकीनें विचारणारें माणूसच हवें.

आपल्याकडे तर आणखी एक अडचण आहे. आज एका दुकानांतून पंप आणावा, उद्यां दुसऱ्या; डॉक्टरही बदलतात. संपूर्ण बेरीज कोणाजवळच नसते. तेव्हां ती खतावणी घरानेंच ठेवली पाहिजे, आणि एकत्र कुटुंबांत हें काम अवघड नाहीं. नवा पंप उघडला कीं त्यावर तारीख लिहावी. आठवड्यांतून किती वेळां पंप लागला, किती रात्रीं झोंप मोडली, जिना चढतांना थांबावें लागलें काय, हें एका वहींत टिपावें. फुंकर मोजण्याचें साधें यंत्र मिळतें. त्याचा आंकडा सकाळ-संध्याकाळ मांडावा. डॉक्टरांकडे जातांना वही व सर्व पंप बरोबर न्यावेत. त्रास आठवड्यांतून दोनदांहून अधिक होऊं लागला किंवा दम्यानें झोंप मोडूं लागली, तर पुढच्या पंपाची वाट न पाहतां भेट घ्यावी. अडचणीच्या वेळीं काय करावें, हें त्यांच्याकडून लिहून घेऊन भिंतीवर लावावें. त्या १९५ मृतांपैकीं अवघ्या ४४ जणांना असा लेखी आराखडा मिळाल्याची नोंद होती. बोलतांना वाक्य पुरें होईना किंवा ओंठ निळसर दिसूं लागले, तर मात्र वही बाजूस ठेवून तत्काळ रुग्णालय गांठावें.

दूधवाल्याचा आणि वाण्याचा हिशेब आपल्या घरांतून बिनचूक ठेवला जातो. त्याच वहींतलीं दोन पानें घरांतील दमेकऱ्यासाठीं राखून ठेवलीं, तर डॉक्टरांना पाहिजे ती माहिती तयार मिळेल. आणि घरांतील सुनेला वा लेकीला आपला पंप पदराआड लपवावा लागणार नाहीं.