रंग टिकवायचा तर शेंडा सांभाळा

कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या गॅलऱ्यांतून हल्ली एक नाजूक वेल खाली लोंबताना दिसते. जोडीजोडीनं येणारी हृदयाच्या आकाराची मांसल पानं, कडेला पांढरट पट्टा आणि उजेड चांगला असला तर त्यावर गुलाबी झाक. ही व्हेरिगेटेड ‘स्ट्रिंग ऑफ हार्ट्स’, शास्त्रीय नाव सेरोपेजिया वुडाय. महागडी म्हणून जपली जाते आणि बहुतेक वेळा पाण्यानं मारली जाते.

पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं. वेलीच्या शेंड्यात पेशींचे थर असतात. त्यातल्या एखाद्या थराला हरितद्रव्य बनवता येत नाही आणि तोच थर पुढे पानावर पट्टा होऊन उमटतो. म्हणजे रंगाचं सगळं भवितव्य शेंड्यात. पूर्ण हिरवी फांदी जोमानं वाढते आणि रंगीत फांद्यांना मागे टाकते, म्हणून ती दिसताच बुडाशी छाटावी. पूर्ण पांढरी किंवा गुलाबी फांदी सर्वांत देखणी, पण तिला स्वतःचं अन्न तयार करता येत नाही. तिच्यापासून नवं रोप होण्याची आशा धरू नये. लावायचा तर दोन्ही रंग दिसणारा, दोन-तीन पेरांचा तुकडा घ्यावा आणि पेरं ओलसर रेताड मातीवर टेकवावीत. तिथूनच मुळं फुटतात. बियांतून हा रंग उतरण्याची खात्री नसते.

कोल्हापूरची काळी माती या वेलीला घातक, कारण ती पाणी धरून ठेवते. निम्मी जाडी रेती, विटांचा चुरा आणि थोडं जुनं शेणखत पुरतं. कुंडी भाजलेल्या मातीचीच हवी. ज्या शाहूपुरीत कुंभार गल्ली आहे, तिथं ही वेल प्लास्टिकात कोंडणं मला पटत नाही. सकाळचं कोवळं ऊन द्यावं. एप्रिल-मेच्या दुपारी पांढरा भाग करपतो. जून ते सप्टेंबर कुंडी पत्र्याखाली ठेवावी. पान बोटांत हलकेच दुमडून पाहावं, ताठ असेल तर पाणी नको. पिठ्या ढेकूण बहुधा पेरांत लपतो, तिथं नजर ठेवावी.

ही वेल दक्षिण आफ्रिकेतली. जॉन मेडली वुड यांना ती 1881 साली नाताळ प्रांतात खडकांवर लोंबताना सापडली. पण तिची सख्खी भावंडं आपल्या सह्याद्रीत आहेत: कंदीलपुष्पं, अर्थात खर्चुडी. सेरोपेजियाच्या भारतीय जातींपैकी बहुसंख्य पश्चिम घाटातल्या, आणि त्यांतल्या कित्येक दुर्मीळ. फुलाच्या नळीतले खाली वळलेले केस चिमुकल्या माशीला आत अडकवतात. केस कोमेजले की परागकण घेऊन ती सुटते. या वनस्पतींच्या अभ्यासात आणि जतनात शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाचं, विशेषतः डॉ. एस. आर. यादव यांचं काम मोठं आहे.

आफ्रिकेची वेल हौसेनं कुंडीत वाढवा. सह्याद्रीतल्या खर्चुडीचा कंद मात्र उकरून घरी आणू नका. ती ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घाटातच जाऊन पाहा.