कार्यपद्धती : बेतावी कशी, बदलावी कशी

माहितीची व्यवस्था संगणकावर उभारताना पहिला प्रश्न यंत्राचा नसून पद्धतीचा असतो. कोणाला विचारावे, कोणत्या क्रमाने बांधावे, चूक कोठे पकडावी, हे ठरविणे म्हणजे पद्धती. ग्रंथांत अशा पद्धती तयार मिळतात. पण त्या सर्वत्र जशाच्या तशा लागू पडत नाहीत. विन्स्टन रॉइस या अमेरिकन तज्ज्ञाने १९७० साली टप्प्यामागून टप्पा जाणाऱ्या क्रमाची आकृती मांडली आणि त्याच लेखात तो क्रम नुसता पाळणे धोक्याचे आहे, असेही बजावले. पुढे पुष्कळांनी आकृती उचलली. इशारा मात्र मागेच राहिला.

आपल्या परिचयाचा सातबाराच घ्या. गावनमुना सात हक्काचा, बारा पिकांचा. हक्क बदलला की तलाठी फेरफार नोंदवतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला मुदत मिळते आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हे काम संगणकावर आणणाऱ्याला ती मुदत म्हणजे निव्वळ खोळंबा वाटेल. परंतु वारसनोंदीत सासरी गेलेल्या बहिणीचे नाव राहून गेले, तर ते सांगण्याची संधी तिला याच मुदतीत मिळते. म्हणून कोणताही टप्पा गाळण्यापूर्वी तो कोणाच्या रक्षणासाठी घातला आहे, हे शोधले पाहिजे.

याउलट, काही गोष्टी बदलल्यावाचून गत्यंतर नसते. आपले कामोठेच पाहा. १९७० साली सिडको स्थापन झाली, नव्या मुंबईसाठी भूसंपादन झाले आणि शेतांच्या जागी सेक्टर उभे राहिले. तेथे पिकांचा रकाना काय सांगणार? सिडकोने भाडेपट्ट्याने दिलेल्या भूखंडावर सदनिका घेणाऱ्याला भाडेपट्टा, हस्तांतरणाची परवानगी आणि सोसायटीचा भागदाखला पाहावा लागतो. जुन्या गावठाणातील घराचे कागद आणखी निराळे. २०१६ साली पनवेल महानगरपालिका झाली, तेव्हा त्यांत आणखी एका दप्तराची भर पडली.

मग पद्धती बेतावी कशी? दोन गोष्टी तपासाव्यात. नियम स्थिर असतील, तर सगळा आराखडा आधी करावा. ते बदलते असतील, तर थोडा भाग बांधून वापरणाऱ्यांना दाखवावा, सुधारावा आणि मग पुढे जावे. दुसरे, चुकीची झळ कोणाला लागते? चुकीने एखाद्याचा हक्कच बुडणार असेल, तर तपासणीचा टप्पा कितीही वेळ खावो, तो ठेवावाच. वेग वाढवावा तो कारकुनाच्या लेखनाचा. नागरिकाची हरकत ऐकून घेण्याचा वेळ मात्र कमी करू नये.